रॅम्प आहे हो, पण चढता येतो का?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत रॅम्प झाला तेव्हा पेढे वाटले होते. अर्धांगवायूनंतर आत्या व्हीलचेअरवर आली. तिला खाली उतरता यावं म्हणून कमिटीने कुणी न सांगता प्रवेशाच्या तीन पायऱ्यांवर लोखंडी पत्र्याचा उतार बसवून घेतला. सगळ्यांच्या मनात चांगलंच होतं. पहिल्या दिवशी वॉचमनदादांनी मागून आणि मी पुढून धरून तिला उतरवायला घेतलं, तर खुर्ची अशी सुटली की पुढची चाकं गेटजवळच्या तुळशीच्या कुंडीवर आदळली. वर आणायला तिघं लागले. त्या रात्री आत्या म्हणाली, "मला पुन्हा खाली नेऊ नका गं. गॅलरीतून दिसतंय की सगळं."

आत्याने चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. तीन-चार दिवसांनी तिनेच मशीनच्या खणातून आपली टेप काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जरा मोजून ये बघू." पायऱ्यांची मिळून उंची भरली १८ इंच. पत्र्याची लांबी ४८ इंच.

उतारासाठी जे माप आपल्याकडे मान्य आहे ते एकाला बारा. एक इंच चढायचं असेल तर बारा इंच पुढे जायचं. १८ इंचांसाठी २१६ इंच, म्हणजे १८ फूट. आमचा रॅम्प होता चार फुटांचा.

हे माप आलं कुठून, तर माणसाच्या दंडाच्या ताकदीतून. समजा माणूस ७० किलोचा आणि खुर्ची २० किलोची. मिळून ९० किलो. एकाला बाराच्या उतारावर हे ओझं साधारण साडेसात किलोच्या जोराने मागे ओढतं. हातांनी चाकं फिरवणाऱ्या बऱ्याच जणांना तेवढं झेपतं. आमच्या पत्र्यावर तोच जोर ३३ किलोंच्या पुढे जात होता. वर चढताना सोबतच्या माणसाच्या छातीवर तेवढं ओझं आणि उतरताना तेवढ्याच जोराने खुर्ची खाली धावणार. आत्या घाबरली ती उगाच नाही.

या सगळ्या विषयाला सरकारी मराठीत ‘सुगम्यता’ म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ साधा आहे: कुठल्याही माणसाला इमारतीत किंवा गाडीत येता यावं, आत हिंडता यावं, तिथलं काम करता यावं आणि सुखरूप बाहेर पडता यावं, शक्यतो कुणाच्या हातापाया न पडता. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चौघांनी उचलून वर नेणं हा माणुसकीचा भाग झाला, त्याला सोय म्हणता येणार नाही. उचलून घेतलेल्या माणसाला कसं वाटतं ते आत्याच्या तोंडावर मी पाहिलं आहे.

आता कायदा. भारताने दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ साली मान्य केला. त्याला धरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात २१ आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यांतले २९ लाखांहून जास्त महाराष्ट्रातले. गुडघे गेलेले म्हातारे आणि प्लॅस्टर घातलेले कॉलेजकुमार यांत धरलेलेच नाहीत, आणि रॅम्प तर त्यांनाही लागतो.

या कायद्यातली चार कलमं सामान्य माणसाने लक्षात ठेवावीत. कलम ४४ म्हणतं की सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाला परवानगी मिळणार नाही, आणि बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी आहे: नियम आल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम्य करा. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच संपली. कलम ४६ सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत की खासगी, दोनच वर्षं देतं. आणि कलम ८९ दंडाचं: पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख.

‘सार्वजनिक इमारत’ म्हटलं की आपल्याला मंत्रालय किंवा वॉर्ड ऑफिस आठवतं. कायद्यातली व्याख्या खूप मोठी आहे. लोकांचा वावर असलेली कुठलीही सरकारी किंवा खासगी इमारत त्यात येते: शाळा, दवाखाना, दुकान, नाट्यगृह, देऊळ, कोर्ट, पोलीस ठाणं, रेल्वे फलाट. म्हणजे ‘आमचं खासगी आहे’ हे कोपऱ्यावरच्या पॅथॉलॉजी लॅबचं उत्तर कायद्यात बसत नाही.

मग एवढं सगळं कागदावर असताना घोडं अडलं कुठे? नियमांत. कायदा म्हणत होता की मापं बंधनकारक असतील, पण कायद्याखाली केंद्राने केलेल्या नियमांतल्या नियम १५ ने ज्या मार्गदर्शक पुस्तिकांकडे बोट दाखवलं त्यांची भाषा ‘करावं’, ‘असल्यास बरं’ अशी होती. राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं इथेच बोट ठेवलं. नियम १५ चा तो भाग मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: काही किमान मापं अशी, की ती आजच हवीत, त्यात चालढकल नाही, आणि काही सुधारणा अशा, की त्या हळूहळू होत जातील. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला या विषयावरचा हा सगळ्यात कामाचा निकाल आहे, कारण ‘आम्ही प्रयत्न करतोय’ या वाक्यामागे लपायला त्याने जागा ठेवली नाही.

परत टेपकडे येते, कारण खरी गंमत मापांत आहे. शिंप्याची टेप पूर्ण उलगडली की १५० सेंटिमीटर भरते. व्हीलचेअर जागच्या जागी गोल वळवायला लागणारी जागाही तेवढीच: १५० सेंटिमीटरचं वर्तुळ. रॅम्पच्या सुरुवातीला, शेवटी आणि प्रत्येक वळणावर एवढी सपाट जागा लागते. ती नसेल तर माणूस चढून वर पोचतो आणि दार उघडायला हात सोडला की मागे घरंगळतो. रॅम्पची रुंदी किमान १२० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना कठडा, तोही दोन उंचींवर: ७६ सेंटिमीटरवर बसलेल्या माणसासाठी आणि मुलांसाठी, ९० वर उभ्याने चालणाऱ्यांसाठी. कठडा उतार संपल्यावरही ३० सेंटिमीटर पुढे न्यायचा, म्हणजे अंध माणसाला हाताला कळतं की जमीन आता सपाट झाली. कडेला छोटी पाळ हवी, नाहीतर चाक बाहेर जातं. आणि मुंबईत एक जादाची गोष्ट: पाऊस. गुळगुळीत ग्रॅनाइटचा किंवा पत्र्याचा रॅम्प जून ते सप्टेंबर घसरगुंडी असतो. खरबरीत लादी लावायला फार पैसे लागत नाहीत.

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर. आपल्या घरांमध्ये बाथरूमचं दार सव्वादोन-अडीच फुटांचं असतं, त्यातून चौकट वजा केली की खुर्ची अडकतेच. आत्याच्या आंघोळीसाठी आम्ही चौकट फोडली, दुसरा इलाज नव्हता.

संडासाबद्दल लोक बोलायला लाजतात, म्हणून मी जरा जास्तच बोलणार आहे. एका मोठ्या दवाखान्यात आत्याला तपासणीला नेलं होतं. दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं. दार आत उघडणारं. आत पोछ्याच्या बादल्या, फिनेलचा कॅन आणि एक मोडका स्टूल. बादल्या मी बाहेर काढल्या, खुर्ची आत गेली, पण खुर्ची आत असताना दार लागेना. शेवटी मी दारात पाठ करून उभी राहिले आणि ओढणी पडद्यासारखी धरली. बासष्ट वर्षांची बाई, आयुष्यभर पदर सावरत जगलेली. त्या दिवसापासून बाहेर जायचं असलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. सुगम्य संडासाचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं का हवं, भांड्याशेजारी आधाराचे दांडे का हवेत, आत टेपभर मोकळी जागा का हवी, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं. बादल्या ठेवायला दुसरी जागा शोधणं हेही सुगम्यतेतच येतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

घराबाहेर पडलं की प्रश्न एका इमारतीचा राहत नाही. मुंबईच्या मेट्रोत लिफ्ट आहेत, डब्यात व्हीलचेअरची जागा आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत. बेस्टच्या लो-फ्लोअर बसला दारात उघडायचा रॅम्प असतो, पण बस फुटपाथला चिकटून थांबली तरच तो कामाचा, आणि थांब्यापुढे रिक्षा आणि टेम्पो उभे असले की बस रस्त्याच्या मधोमध थांबते. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे. तो जिथे येतो तिथे फलाटावर सतत ‘पीं पीं’ आवाज येत असतो, अंध प्रवाशाला जागा कळावी म्हणून. फार साधी आणि फार हुशार सोय आहे ती. पण फलाट आणि डब्यातली पोकळी अजून आहेच. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला या पोकळीत पडून एका सोळा वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात गेले, त्यानंतर फलाट उंच करण्याच्या कामाला वेग आला. उंच फलाटाने पडण्याचा धोका कमी होतो. व्हीलचेअर एकट्याने आत जाण्याएवढी ती फट मिटलेली नाही.

फुटपाथवरचे खांब हे मुंबईचं खास दुखणं. मोटरसायकलवाले फुटपाथवर चढतात म्हणून महापालिका तोंडाशी स्टीलचे खांब रोवते. हेतू पटतो. पण दोन खांबांत पुरेशी जागा नसेल तर मोटरसायकलीबरोबर व्हीलचेअरही अडते आणि ती माणसं बसच्या रस्त्यावर उतरतात. शिवाजी पार्क भागातल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या एका रहिवाशाने याबद्दल ईमेल लिहिला आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका म्हणून तो दाखल करून घेतला. एक ईमेल!

स्टेशनांवर आणि फुटपाथवर पिवळ्या उठावाच्या लाद्या दिसतात ना, त्या शोभेसाठी नाहीत. लांब रेघांची लादी म्हणजे ‘या दिशेने चालत राहा’. गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांब, पुढे जिना, कडा किंवा वळण आहे’. पांढऱ्या काठीला आणि चपलेच्या तळव्याला हा फरक कळतो. त्यावर स्टॉल लावला, की वाचता वाचता पुस्तकाचं पान फाडल्यासारखं होतं. आणि फक्त भोंग्यावर ‘गाडी एक ऐवजी तीन नंबरवर येईल’ असं सांगितलं, की कर्णबधिर माणूस एक नंबरवरच उभा राहतो. त्याला पाटीवर अक्षरं हवीत. एकाची सोय कानाची, दुसऱ्याची डोळ्याची. दोन्ही एकदमच लागतात.

सेवा म्हणजे आता बऱ्याचदा मोबाइलच. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा जन्मापासून पाहू शकत नाही. फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, त्यावर त्याचं सगळं चालतं. एकदा त्याने वीजबिल भरायचं एक ॲप मला ऐकवलं. बोट सरकवलं की फोन म्हणे, "बटन. बटन. बटन." ॲप बनवणाऱ्याने बटनांना नावंच दिली नव्हती. बघणाऱ्याला चित्र दिसतं, ऐकणाऱ्याला काहीच नाही. बँकेच्या ऑनलाइन ओळख-पडताळणीत ‘डोळे मिचकावा’ सांगतात, तेव्हा ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या बाईने काय करावं? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं.

इथे आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सुगम्यता सगळ्यांसाठी आणि आधीच करून ठेवायची असते, कुणी मागायची वाट न बघता. पण जिथे ती नाही तिथे, त्या एका माणसाची अडचण बघून, संस्थेवर अवाजवी बोजा न पडता जो बदल करता येतो तोही कायद्याने बंधनकारक आहे. तो नाकारणं म्हणजे भेदभाव, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. २०२३ मध्ये मुंबईत एका व्हीलचेअरवरच्या वधूला लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं. लिफ्ट नव्हती. विशेष विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार कार्यालयाबाहेर, जवळच्या ठिकाणीही विवाह लावता येतो. अधिकारी खाली आले असते तर काम झालं असतं. लिफ्ट बसवायला वर्ष लागेल, रजिस्टर घेऊन दोन मजले उतरायला पाच मिनिटं लागतात.

आपल्या सोसायट्यांचं काय? निव्वळ राहण्याची जुनी इमारत ‘सार्वजनिक इमारती’च्या व्याख्येत सहसा बसत नाही, म्हणून पाच वर्षांची मुदत तिला सरळ लागू होत नाही. पण ‘खासगी आस्थापना’ या व्याख्येत सहकारी संस्था हा शब्द स्पष्ट आहे आणि भेदभाव करू नये हे सगळ्यांनाच लागू आहे. आणि मुंबईत सध्या गल्लोगल्ली पुनर्विकास चालला आहे. नवी इमारत म्हटली की कलम ४४ आलं. बिल्डरचा नकाशा आला की लोक कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ) आणि कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) यांवर तुटून पडतात. तेव्हाच विचारा: गेटपासून लिफ्टपर्यंत एकही पायरी आहे का? पार्किंगच्या मजल्यावरून लिफ्टकडे जाताना उंबरा आहे का? लिफ्टची बटनं बसलेल्या माणसाच्या हाताला येतील का? बाथरूमचं दार किती? कागदावरची रेघ पुसायला काही लागत नाही. भिंत उभी राहिली की चौकट फोडावी लागते.

तक्रार करायची तर आधी लेखी अर्ज त्या संस्थेलाच, फोटो आणि मापं जोडून. माप लिहिलं की अर्जाला वजन येतं. ‘रॅम्प गैरसोयीचा आहे’ यापेक्षा ‘उंची १८ इंच, लांबी ४८ इंच’ हे टाळता येत नाही. सार्वजनिक जागेसाठी केंद्राचं सुगम्य भारत ॲप आहे, त्यावर फोटो टाकता येतो. आणि दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणं तक्रारदारालाही द्यायची. सुगम्यता मागायला ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. ते सवलती आणि आरक्षणासाठी. दार सगळ्यांसाठीच रुंद असायचं आहे.

आमच्या सोसायटीत तीन सभा झाल्या. गेटसमोर १८ फूट सरळ जागा नव्हती. आमच्या जोत्याला मुळात दोनच पायऱ्या होत्या, तिसरी २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर पाणी आत येऊ नये म्हणून चढवलेली. ती काढायला कुणी तयार नव्हतं आणि ते बरोबरच होतं. शेवटी रॅम्प इमारतीच्या कडेने काटकोनात वळवायचं ठरलं. वळणावर टेपभर सपाट जागा. चार दुचाकींची जागा गेली. सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या काकांनीच नंतर आपली स्कूटर आधी हलवली, कारण त्यांच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मिस्त्रीला एकाला बारा समजावून सांगायला आत्या गॅलरीतून ओरडत होती.

आता ती संध्याकाळी खाली जाते. भाजीवाल्याकडे दुधी नखाने टोचून बघते, त्याला ते आवडत नाही. उतरताना अजून माझा हात लागतो, चढताना लागत नाही. गेटबाहेर डावीकडे वळलं की फुटपाथच्या तोंडाशी खांब आहेत. परवा तिने खुर्चीतूनच वाकून दोन खांबांत टेप लावली. ६८ सेंटिमीटर. तिची खुर्ची ६५ ची आहे, पण दोन्ही हात चाकांवर असताना बोटं सोलवटतात. तो आकडा, फोटो आणि तारीख घालून वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला आहे. येत्या रविवारी तिथून बस थांब्यापर्यंतचं मोजायचं आहे. आत्याने त्यासाठी एक वही घातली आहे, पूर्वी ब्लाउजची मापं लिहायची तशीच, उभ्या रेघा मारून.